साहेबांच्या बुटांची माती

बाबालाल नदाफ हा माणूस जन्मात कधी विमानात बसलेला नाही, पण स्कॉटलंडातलं एक गोल्फचं मैदान त्याला आपल्या गल्लीसारखं पाठ आहे. विचारून बघा. पहिल्या होलवर वारा डावीकडनं येतो. तिसऱ्याच्या पुढं ओढा, ओढ्यावर दगडी पूल, पुलाच्या कठड्याला शेवाळ. आणि सातवा होल समुद्राच्या इतका कडेला की बॉल जरा उजवीकडं गेला की त्याच्या नावानं आंघोळच करायची. हे सगळं तो कोल्हापुरातल्या आपल्या मैदानावर बाभळीखाली उकिडवा बसून सांगतो, आणि असं सांगतो की नवखा पाहुणा हमखास विचारतो, "कवा गेलतासा तिकडं?"

मग बाबालाल उठतो, बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावर चढवतो आणि म्हणतो, "मी कुठला जातोय! साहेब जात्यात."

साहेब म्हणजे विजयसिंह खराडे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांची फाउंड्री. आता सगळा कारभार मुलगा बघतो, सम्राट. बाबालाल हा साहेबांचा कॅडी, गेली एकतीस वर्षं. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या मागं दांड्यांची बॅग घेऊन चालणारा माणूस. आपल्याकडच्या बऱ्याच शहाण्यांना तो हमाल वाटतो. वाटू दे की. वारा कुठला, गवत ओलं का कोरडं, बॉल कुठल्या झुडपात शिरला आणि कुठल्या नंबरची दांडी लागणार, हे खेळणाऱ्याच्या आधी कॅडीला कळावं लागतं. आणि कळूनही तोंड मिटून ठेवावं लागतं, ते त्याहून अवघड.

ह्या दोघांची एक रीत होती. साहेब बॉलपाशी उभे राहायचे, लांब ग्रीनकडं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडं, बघायचे आणि मागं वळून न बघता हात मागं करायचे. तीन पावलांवर बाबालाल. तो त्या हातात दांडी द्यायचा. साहेब नंबर सांगायचे नाहीत, हा विचारायचा नाही. एकतीस वर्षांत एकदाच चुकीची दांडी गेली, ती फरहीन जन्मली त्या दिवशी. साहेबांनी दांडीकडं बघितलं, बाबालालच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरगी झाली न्हवं? मग हितं काय करतोस लेका, जा घरी."

बाबालाल मूळचा कुरुंदवाडचा. बाप कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. डोळे मिटून चिमटीत कापूस चोळायचा आणि हा कुठल्या रानातला ते सांगायचा. गाद्या मशीनवर व्हायला लागल्या तसा तो धंदा बसला, पण बोटं मात्र बापानं लेकाला दिली. बाबालाल वयाच्या विसाव्या वर्षी मैदानावर गवत काढायला लागला आणि त्याची बोटं कापसाऐवजी माती ओळखायला शिकली. मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात कुठल्या गावची भर पडलीय, हे तो चिमूटभर मातीवरनं सांगतो. सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं, त्या दिवशी कॅडी लोक खेळतात. साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या दांड्यांनी बाबालाल सोमवारी जे मारतो, ते मंगळवारी बॅगेत बांधून गप बसतो. सांगणार कुणाला? सांगून करणार काय?

तर ती सहल. दरसाल सप्टेंबरात क्लबातली आठ मंडळी स्कॉटलंडला जायची. मधली करोनाची वर्षं सोडली तर खंड नाही. सहलीच्या कागदावर रंगीत अक्षरांत छापलेलं असायचं: व्हिस्की, गोल्फ आणि निसर्गदर्शन. दहा दिवस, एक मोठी बस, सकाळी खेळायचं, दुपारी व्हिस्कीचा कारखाना बघायचा, उरलेल्या वेळात खिडकीतनं तळी, डोंगर आणि पडके किल्ले. किल्ले बघून आपली मंडळी म्हणायची, "पन्हाळ्याच्या पासंगाला पुरायचं न्हाईत." तरी दर वर्षी बघायचीच.

ह्या सहलीची तयारी बाबालालकडं असायची. जुलैपासनं तो साहेबांना वाऱ्यात खेळायला लावायचा. "तिकडं वारा काय तुमचा पावणा न्हाय साहेब, खाली मारा, खाली." दांड्या घासून, मुठीला नवा पट्टा गुंडाळून, बुटांना तेलपाणी करून तो बॅग भरायचा. बूट कोल्हापूरच्याच वर्तमानपत्रात गुंडाळायचा. गाडी विमानतळाकडं गेली की दहा दिवस त्याचं कशात म्हणून लक्ष लागायचं नाही. हाफिजा, त्याची बायको, म्हणायची, "अवो, ते गेल्यात की तुम्ही गेलाय? भाकरी हितं हाय, तोंड तिकडं हाय."

मंडळी परत आली की क्लबाच्या व्हरांड्यात संध्याकाळची बैठक बसायची. कुठली व्हिस्की किती वर्षं पिपात मुरली, कुठलीला धुराचा वास, कुठलीला मधाचा, ह्याच्यावर तावातावानं वाद व्हायचे. बाबालाल पायरीवर बसून ऐकायचा. दारूला त्यानं जन्मात हात लावला नाही, त्यातलं त्याला काय कळणार? पण एकदा साहेबांनी त्याला कारखाना समजावून सांगितला: बार्ली भिजवायची, खालनं जाळ करून वाळवायची, मोठ्या तांब्याच्या भांड्यात उकळायची. बाबालाल म्हणाला, "म्हंजे गुऱ्हाळच की. फकस्त गूळ हुयाच्या जागी दारू हुती." साहेब इतके हसले की त्यांच्या हातातला पेला हिंदकळला. पुढच्या वर्षी तिथल्या कारखान्याच्या मॅनेजरला त्यांनी हे इंग्रजीतनं सांगितलं म्हणे.

बैठक संपली, मंडळी उठली, की बाबालालचं खरं काम सुरू व्हायचं. बूट. साहेबांचे बूट उलटे करून, तळाच्या खिळ्यांमध्ये अडकलेली माती तो काडीनं टोकरायचा. ती खाली सांडू द्यायचा नाही, कागदावर घ्यायचा. तिसऱ्या वर्षी साहेबांनी त्याला हे करताना पकडलं.

"काय रं, काय करतोस?"

बाबालाल पकडल्या गेलेल्या पोरासारखा लाजला. मग म्हणाला, "तिकडची माती हाय साहेब. टाकवंना."

साहेब हसले नाहीत. पुढच्या वर्षापासनं त्यांनी तिथल्या हॉटेलवाल्याला ताकीद दिली की बुटांना ब्रश लावायचा नाही.

ती माती घरी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायची. भुरी, हलकी, वाळूसारखी. चिमटीत धरली तर सुळकन निसटायची. तिच्यात कधी बारीक बी असायचं, कधी गवताचं मूळ. बाबालाल दिवाळीत ते एका कुंडीत पेरायचा. थंडीत चार हिरवी पाती यायची, केसासारखी बारीक, मऊ. फरहीन शाळेत शिकत असताना त्यांना हात लावायला गेली तर ओरडा बसायचा. आणि दर वर्षी चैत्राचं ऊन पडलं की पाती पिवळी व्हायची आणि जायची. बाबालाल सावलीला ठेवायचा, ओलं फडकं लावायचा, दिवसातनं तीनदा पाणी द्यायचा. जायचीच. मग तो चार दिवस कुणाशी नीट बोलायचा नाही.

त्याला काय पाहिजे होतं ते एवढंच: एकदा त्या सातव्या होलवर जायचं, चपला काढायच्या आणि त्या गवतावर पाय टेकून उभं राहायचं. व्हिस्की नको, किल्ले नकोत, तळी नकोत. फोटोसुद्धा नको. नुसते पाय टेकायचे. आठ वर्षं त्या जागेसाठी त्याचा जीव तुटायचा, आणि हे तो उघड बोलायचाही. लाज कसली त्यात? साहेब दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या साली तुला नेतो," आणि दर वर्षी पुढचं साल पुढं जायचं.

पण गेल्या वर्षी साहेबांनी मनावरच घेतलं. सत्तरी उलटली होती, म्हणाले, ही माझी शेवटची खेप, आणि ह्या खेपेला बाबालाल बसमध्ये माझ्या शेजारी बसणार. फरहीन आता शाळेत शिक्षिका आहे, तिनं बापाचे सगळे फॉर्म भरले. पासपोर्ट आला. व्हिसा आला. हाफिजानं करड्या रंगाचा स्वेटर विणला आणि ऑगस्टच्या दमट हवेत त्याला घालून बघायला लावला. बाबालाल घामानं निथळत आरशासमोर उभा राहिला. हाफिजा म्हणाली, "आता कसं सायबावानी दिसतासा." त्या महिन्यात तो मैदानावर शीळ घालत चालायचा. तिकीट त्यानं कुराणशरीफ ठेवायच्या फळीखालच्या कप्प्यात ठेवलं होतं.

निघायला दहा दिवस राहिले आणि साहेब न्हाणीत पाय घसरून पडले. गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला.

बाबालाल दवाखान्यात गेला. साहेब उताणे पडलेले, पाय लाकडासारखा बांधलेला, तोंड उतरलेलं. सम्राट शेजारी खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. त्यानं फोन ठेवला आणि म्हणाला, "काका, पप्पांच्या जागी मी जातोय. तुमचं तिकीट आहे तसंच आहे. तुम्ही चला आमच्याबरोबर."

बाबालाल म्हणाला, "नको. साहेब असं पडल्यात, आन् मी काय मजा माराय जाऊ?"

आता हे नीट ऐका, सगळं घोडं इथंच अडलं. आपल्याकडं कुणी चहा विचारला तर माणूस काय म्हणतो? नको म्हणतो. मग यजमान म्हणतो, घ्या की. हा म्हणतो, आत्ताच झालाय. तो म्हणतो, अर्धा तरी घ्या. तेव्हा कुठं हा बूड टेकतो आणि बशीत ओतून भुर्रकन पितो. पहिल्या हाकेला 'व्हय' म्हणणाऱ्याला आपण अधाशी म्हणतो. जेवायला बसलेल्या माणसाच्या पानात, तो हात आडवा धरत असताना, रश्श्याची वाटी उपडी करणारे लोक आपण. बाबालालचं 'नको' हे तसलं होतं. पहिलं 'नको'. त्याच्यापुढं 'चला की' यायला पाहिजे होतं, मग दुसरं 'नको', मग 'असं कसं, चला', आणि मग त्यानं डोळे पुसत 'बरं, तुम्ही म्हणतासा तर' म्हणायचं, असा सगळा घाट होता.

सम्राट पुण्यात शिकला, पुढं परदेशात राहिला. तो म्हणाला, "बरं काका, तुमची मर्जी," आणि पुन्हा फोन लावला.

बाबालालनं साहेबांकडं बघितलं. साहेबांचे डोळे उघडे होते. ते छताकडं बघत होते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

तो दारात येऊन चपला घालायला वाकला. एक चप्पल घालायला त्यानं जितका वेळ लावला तितक्या वेळात माणसाचे दोन्ही बूट नाडीसकट बांधून होतील. आतनं हाक आली नाही.

घरी हाफिजानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! अवो, नको म्हणायचं ते एकदा म्हणायचं असतं!"

"एकदाच म्हणलो."

तिनं स्वेटर घडी करून ट्रंकेत टाकला, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. बाबालालची जागा सम्राटच्या कुणा दोस्ताला गेली.

मंडळी गेली. सहलीच्या त्या दहा दिवसांत बाबालाल रोज साहेबांकडं जायचा. त्यांना धरून उठवायचा, काठी घेऊन दहा पावलं चालवायचा. दोघंही सहलीचं नाव काढायचे नाहीत. एकदाच साहेब म्हणाले, "सम्राटला माझं बूट दिल्यात. त्याचं माझं माप एकच. ह्या वर्षीबी तुझी माती येईल." बाबालाल "व्हय" म्हणाला. मनात मात्र त्याच्या आलं, माती घेऊन काय करू, मला जायचं होतं. त्याला राग आला होता. सम्राटचा नाही, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय! राग साहेबांचा. एकतीस वर्षं न बोलता दांडीचा नंबर कळतो आणि एवढं एक 'नको' कळू नये?

मंडळी परत आली. सम्राटनं बाबालालसाठी एक टोपी आणि चॉकलेटचा डबा आणला. बूट आले नाहीत. चौथ्या दिवशी साहेबांचा ड्रायव्हर ते घेऊन मैदानावर आला.

बाबालाल बाभळीखाली बसला. कागद पसरला, बूट उलटा केला, काडी घातली. आणि थांबला.

माती लाल होती. चिकट, लोण्यासारखी. चिमटीतनं निसटत नव्हती, बोटाला धरून बसत होती. त्याला दुसऱ्यांदा चोळून बघायची गरज पडली नाही. काही वर्षांमागं पाचव्या होलच्या खड्ड्यात भर टाकायला मलकापूरच्या बाजूनं चार ट्रक माती आली होती, ती त्यानंच हातानं पसरली होती. ही तीच. आंबा घाटाकडची.

मग त्याला उमगत गेलं. सम्राटनं तिथं स्वतःचे नवे बूट घातले असणार. हे बूट वर्तमानपत्रात गुंडाळून गेले तसेच गुंडाळलेले परत आले असणार. आणि साहेबांनी... पण साहेबांना एवढंही कसं कळलं नाही, की मातीचा रंग वेगळा असतो? बाबालाल बूट हातात धरून बसला आणि त्याला त्याचंही उत्तर सापडलं. साहेबांनी आयुष्यात कधी स्वतःचे बूट उलटे करून बघितलेच नव्हते. ते काम बाबालालचं होतं. तिकडची माती भुरी का काळी का निळी, हे साहेबांना ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

आधी तो चिडला. मला काय खुळा समजलासा काय, असं तोंडातल्या तोंडात म्हणाला. बूट तसाच टाकून उठणार, तेवढ्यात ड्रायव्हर तंबाखू मळत शेजारी येऊन बसला.

"परवा काय झालंय साहेबास्नी कुणाला ठावं. म्हणलं, आंब्याला चल. घाटात एका वळणावर गाडी थांबवली, हेच बूट घातलं, आन् काठी घिऊन एकटंच चिखलात उतरलं. मला म्हणलं, तू हलायचं न्हाईस. पाय रुतला, वर येता येईना. गवताचा भारा घिऊन दोन बायका निघालत्या, त्यांनी हात दिला तवा वर आलं. आन् बूट पुसू का म्हणलं तर माझ्यावरच खेकसलं."

बाबालाल पुन्हा खाली बसला. बूट मांडीवर घेतला. मग काडी घेतली आणि एकेका खिळ्याच्या भोवतीची माती टोकरून काढली, कणही सांडू दिला नाही. बिस्किटाच्या डब्यात ती टाकली नाही. घरी एक फुटकं घमेलं होतं, त्यात थोडी शेणखताची भर घालून वर ही माती घातली. मातीत मुळाचा एक तुकडा होता. हाफिजा म्हणाली, "ह्या वर्षी लाल कशी?" तर म्हणाला, "असती कधी कधी."

मुळाला कोंब फुटला. थंडीत जरा दबकून राहिला, पण होळी झाली आणि जे सुटला ते सुटलाच. चैत्र आला. इतकी वर्षं ह्या महिन्यात कुंडी मरायची. घमेलं हिरवंगार झालं. वैशाखात गवत कडेवरनं खाली उतरून फरशीच्या फटीत शिरायला लागलं. हरळी होती ती. आपल्या बांधावरची, शेतकरी जिला शिव्या देत उपटतो ती हरळी.

मे महिन्यात एका सकाळी बाबालालच्या दारात गाडी थांबली. काठी टेकत साहेब उतरले. गुडघा कायमचा आखडला होता. मैदानावर आता ते येत नव्हते. बाबालालच्या घरनं ईदला त्यांना डबा भरून जायचा, पण ते स्वतः एकतीस वर्षांत कधी आले नव्हते. हाफिजाची तारांबळ उडाली. तिनं खाटेवर नवी चादर टाकली.

"च्या ठेवती."

"नको, नको," साहेब म्हणाले.

"असं कसं! पयल्यांदा आलायसा. घ्या की."

"आत्ताच झालाय."

"अर्धा तरी घ्या," म्हणत ती आत गेलीसुद्धा. साहेब खाटेवर बसले. हे ऐकून त्यांचं तोंड एकदम कसंनुसं झालं.

मग त्यांची नजर पायरीजवळच्या घमेल्याकडं गेली. साहेब शेतकऱ्याचं पोर. त्यांनी काठीनं गवत जरा हलवलं.

"ही हरळी की रं."

"व्हय."

"माझ्या बुटातली?"

"व्हय."

साहेबांनी काठी मागं घेतली. "कवा वळखलंस?"

"टोकरतानाच. तिकडची भुरी असती साहेब, वाळूवानी. तुम्ही कधी बगितलीच न्हाईसा."

"आन् बोलला न्हाईस मला."

"तुम्ही तसल्या गुडघ्यानं चिखलात उतरलासा. मी काय बोलू?"

आत स्टोव्हचा आवाज येत होता. साहेब काठीच्या मुठीकडं बघत म्हणाले, "बाबालाल, त्या दिशी दवाखान्यात तू नको म्हणलास. ते खरं नको न्हवं, मला कळलंतं. लगीच कळलंतं. नुस्तं 'जा की' म्हणायचं हुतं मला. न्हाय म्हणलो. मुद्दाम डोळं मिटलं."

बाबालाल घमेल्याशेजारी खाली बसला.

"मी हितं पडल्यालो, आन् तू माझ्याबगार सातव्यावर हुबा ऱ्हाणार. ते मला सोसंना. चुकलो मी. लई चुकलो. म्हणून मग ते मातीचं सोंग." त्यांनी काठी खाटेला टेकवली. "तुला एक सांगितलं न्हाई आजवर. तिथं सातव्यावर गेलो की दर वर्षी माझा हात मागं जायाचा. सवयच की. मागं कोण? कोण न्हाय. एकदा तसाच हात मागं धरून हुबा ऱ्हायलो, कितीतरी येळ. मंडळी हसली मला. आठ वर्षं तुला वारा सांगितला, पूल सांगितला, समुद्र सांगितला. हे तेवढं सांगितलं न्हाई."

बाबालालच्या डोळ्यांतनं पाणी आलं. त्यानं ते पुसलंही नाही. हाफिजा चहा घेऊन आली, दोघांकडं बघितलं, कप खाली ठेवले आणि मुकाट्यानं परत गेली.

साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "सप्टेंबरात मंडळी निघाल्यात. तुझा पासपोर्ट हाय. जा."

"नको साहेब."

"जा की रं."

"मी तुमच्या मागनं चालणारा माणूस. तिथं कुणाच्या मागनं चालू?"

"कुणाच्याबी न्हाय. म्होरं चाल. जा म्हणतोय न्हवं तुला!"

आत हाफिजानं भांडं जरा जोरातच आपटलं.

"व्हय," बाबालाल म्हणाला. "जातो."

साहेबांनी मान हलवली. दोनदा, तीनदा हलवली. "मग सातव्यावर दांडी कुणाच्या हातात दिशील?"

बाबालालनं जरा विचार केला. "कुणाच्या न्हाय. मीच मारतो."

"मार लेका," साहेब म्हणाले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "खाली मार. वारा असतोय."

त्यांना आता निघायचं होतं. खाटेची कड धरून ते कसेबसे उठले, दाराकडं तोंड करून उभे राहिले, आणि मागं न बघता त्यांनी हात मागं केला.

काठी खाटेला टेकून ठेवलेली होती. बाबालालनं ती उचलून त्या हातात दिली. साहेब पायरी उतरले. दारापासनं गाडी वीस पावलांवर होती. साहेब हळूहळू चालले आणि बाबालाल नेहमीसारखा तीन पावलं मागं ठेवून चालला. खांद्यावर बॅग नव्हती, तरी डावा खांदा खाली झुकलेलाच होता.